तिरप्याची सीट

हे मी लिहिणारच नव्हतो. भिजलेली सीट वाळवली, यात सांगण्यासारखं काय? पण काल दोघांना सांगितलं आणि दोघांचाही चहा गार झाला. म्हणून लिहितोय.

तिरप्या माझा मित्र. एक पाय जन्मापासून थोडा आखूड, त्यामुळे तिरपा चालतो. हे नाव त्यानंच स्वतःला ठेवलंय, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. दवाखान्यांतून रक्ताचे नमुने उचलायचे आणि सायकलवरून लॅबला पोचवायचे, हे त्याचं काम. त्याच्या चामड्याच्या सीटला डावीकडे चांगला खोलगट खड्डा, उजवीकडे नावाला. वापरून वापरून तीसुद्धा त्याच्यासारखी तिरपी झालीय. दुसऱ्या कुठल्याही सीटवर दोन चौक गेला की कंबर धरून उतरतो. आणि कंबर गेली की लॅबचे साहेब त्याला काउंटरवर बसवणार, हे साहेबांनी बोलूनच दाखवलंय. तिरप्याला काउंटर म्हणजे तुरुंग.

तर गेल्या आठवड्यात हा सीट काखोटीला मारून माझ्याकडे आला. मागे त्याची ताई, हातात हेअर ड्रायर.

सीटची पार झोळी झाली होती. दाबली की पाणी सुटत होतं.

"वरून पिशवी घातली होती रे मी!"

"आणि खालून?"

त्यानं सीट उलटी करून बघितली. सायकल चपळ दिसावी म्हणून मागचं मडगार्ड यानंच काढून फेकलेलं. चाकानं रस्त्यावरचं सगळं पाणी खालून मारलं. चामडं वरून गुळगुळीत असतं, पण खालून उघडं, टिपकागदासारखं पितं. वर हा त्याच ओल्या सीटवर बसून घरापर्यंत आला.

"वरून रेनकोट, खालून अंघोळ," ताई म्हणाली. "सरक, दोन मिनिटांत वाळवते."

"ताई, तो ड्रायर आधी खाली ठेव. गरम वारा लागला की चामडं आकसतं आणि तडकतं."

"तू कधीपासून एवढा शहाणा?"

"दोन सीटा मारल्यात मी. त्यातून शिकलो."

तेवढ्यात तिरप्यानं खिशातून पाना काढला. "मग पुढचा नट आवळतो. चामडं ताणून ताठ होईल."

"हात लावू नकोस! ओलं चामडं ताणलंस तर ते कायमचं ताणलेलंच राहील."

फडक्यानं पाणी टिपलं. घासलं नाही. खालून कागदाचे बोळे घट्ट कोंबले, म्हणजे झोळी वर उचलली जाते आणि ओलही ओढली जाते. बोळे भिजले की बदलायचे. सीट खिडकीशी ठेवली, वारा येईल पण ऊन लागणार नाही अशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिरप्या आणि ताई सायकल ढकलत आले. सीट आता नुसती दमट होती, हाताला गार लागत होती. आकार द्यायची हीच वेळ. कडा तळव्यांनी आत दाबल्या, पाठ अंगठ्यांनी सारखी केली. हात असा बसला होता की विचारू नका. दुकानातून आत्ताच आणल्यासारखी दिसायला लागली.

"वा!" ताईनं टाळ्याच वाजवल्या.

तिरप्यानं सीटवरून हात फिरवला आणि त्याचा चेहरा पडला. "ही माझी नाहीये."

डावीकडचा खड्डा! मी तो साफ बुजवला होता. एकदम गुळगुळीत.

चूक माझीच होती, खोटं कशाला बोलू. पण लगेच डोक्यात आलं, चामडं अजून दमट आहे. मी घालवलेला खड्डा परत पाडता येईल. फक्त ते माझ्या हातानं होणार नाही.

सीट सायकलला चढवली, बोळे आत तसेच ठेवले, सायकल भिंतीला टेकवली. "बस."

"काल म्हणालास ना, ओलं चामडं ताणायचं नाही?"

"ही ओली नाही, दमट आहे. बस. पेडल मारायचं नाही, हलायचं नाही."

ताईनं हँडल धरलं. हा फोटोला बसल्यासारखा ताठ बसला.

"अरे, तिरपा बस!" मी ओरडलो. "रोज बसतोस तसा!"

"आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी असं सांगतंय," तो म्हणाला आणि हळूच डावीकडे कलला.

"अंडी उबवतोय जणू," ताई म्हणाली. तिरप्या ओठ दाबून म्हणाला, "हसवू नकोस गं, हलेन मी!"

बऱ्याच वेळानं उतरवला. त्यानं डावीकडे बोटं टेकवली. डोळे मिटले. "आहे," म्हणाला. "आली परत. उद्या कामावर नेतो."

"अजिबात नाही. आतून अजून वाळायचीय. मग मेण लावायचं, खालून सढळ, वरून अगदी पुसट. आत्ता नेलीस तर खड्डा पसरेल, आणि मग मलाही काही करता येणार नाही."

"आणि तोवर? साहेब काउंटर पुसूनच बसलाय."

"साहेबाशी मी बोलतो. तुझी नमुन्यांची पेटी इकडे आण, आणि कुठले दवाखाने ते सांग. सीट पुरती वाळेपर्यंत तुझ्या सगळ्या फेऱ्या माझ्या सायकलवरून मी मारतो. एक नमुना उशिरा पोचणार नाही, शब्द देतो तुला."