सुई मोजून घ्या

तुरुंगात नोकरीच्या मुलाखतीची तालीम झाली, तेव्हा मालकीण झाली होती मंजुळेच्या बराकीतली येसूबाई. पदर खोचून, पायावर पाय टाकून बसली आणि म्हणाली, "हां गो मंजुळा, काय काय येतं तुला? आधी मान वर कर. नायतर चहा पण नाय पाजणार!"

सगळ्या बायका खिदळल्या. शिकवायला येणाऱ्या संस्थेच्या बाईंनाही हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "मालकापासून काही लपवायचं नाही. बाकीच्यांना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मंजुळेनं तेव्हाच ठरवलं. मालकाला सांगायचं, आणि बाकी कुणाला म्हणजे कुणालाच नाही.

सुटल्यावर ती उमरठपलीकडच्या सासरच्या वाडीत गेलीच नाही. दारू पिऊन अंगावर आलेल्या दिराच्या डोक्यात तिनं वरवंटा घातला होता. त्याचा हात कायमचा लुळा पडला. नवऱ्यानं मुंबईतूनच पाठ फिरवली. लेक दिशा पोलादपूरला, मंजुळेच्या भावाकडे वाढत होती. वहिनी मनानं वाईट नव्हती, पण स्पष्ट बोलली, "आधी कामाला टिक, मग पोरीला ने. चार दिसांनी काम सुटलं नि पोर परत माझ्या दारात, असं नको. तिचा जीव किती वर-खाली करायचा?"

यात खोटं काय होतं?

महाडात प्रियदर्शिनीताईंच्या दोन खोल्यांत तान्ह्या बाळांची झबली-टोपडी शिवली जात. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शनिवारपर्यंत तुझं काम बघते, मग ठरवू."

पहिल्या दिवशी मंजुळेचा हात मशीनवर असा चालला, की शेजारची साळूबाई बघतच राहिली. "अगो, जरा दमानं! आमाला लाजवतेस काय? गुडघं धरतील तुझं. मग ये सवला आमच्या गावी, झऱ्याच्या कुंडातल्या कढत पाण्यात पाय सोडून बसू दोघी."

कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिला आपल्या गावी बोलावलं होतं.

घात झाला तो संध्याकाळी. तुरुंगातल्या शिवणखोलीत कात्र्या साखळीनं टेबलाला बांधलेल्या असत. सुया मोजून दिल्याशिवाय जागचं हलायचं नाही, एक कमी भरली की सगळ्यांची झडती. इथं पंखे बंद झाले, बायका पिशव्या उचलू लागल्या, आणि मंजुळा मात्र आपल्या मशीनपाशी उभी राहिली. तळहातावर कात्री, चिंधीला टोचलेल्या सुया, हात पुढे. कुणी तरी येऊन मोजून घेईल म्हणून.

"हे काय गो?" दुसऱ्या बाजूच्या मशीनवरची श्रुतिका खळखळून हसली. "जेलात हायस काय?"

बायका हसल्या. मंजुळेलाही हसता आलं असतं, तेवढ्यावर निभावलं असतं. पण तिला येसूबाई आठवली. तिनं मान वर केली.

"होते. तिथनंच आलेय."

श्रुतिकाचं हसू तोंडातच राहिलं. बायका एकेक करून चपला घालून निघाल्या. साळूबाईसुद्धा मागं न बघता गेली.

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाचं स्टूल लांब सरकलेलं होतं. दुपारपर्यंत मंजुळेशी कुणी बोललं नाही. माल न्यायला टेम्पो दारात लागला आणि साळूबाई पुटपुटली, "माझी हातशिलाईची सुई कुठं गेली?"

"पडली असंल खाली. दुसरी घ्या की," श्रुतिका म्हणाली. "टेम्पोवाला वरडतोय."

"सुई मिळाल्याबिगर कुणी हलायचं नाय!"

हा आवाज आपला आहे, हे मंजुळेला मागाहून कळलं. तुरुंगातली शिपाईणबाई हुबेहूब अशीच ओरडायची. पण आता माघार नव्हती. तिनं बांधलेला गठ्ठा सोडला आणि एकेक झबलं चिमटीत धरून शिवण चाचपत गेली. सुई मिळाली ती एका पिवळ्या झबल्यात, गळ्याच्या पट्टीत.

श्रुतिकानं ते झबलं हातात घेतलं. "माझ्या सुशांतला काल असलंच नेलंय घालायला," ती म्हणाली, आणि एकदम फोन काढून सासूला सांगू लागली, "आई, ते झबलं आधी काढा त्याच्या अंगातलं. काढा म्हणते ना!"

त्या संध्याकाळपासून ताईंनी सगळ्यांच्या सुया मंजुळेकडे द्यायला लावल्या. शनिवारी सुया द्यायला श्रुतिका सगळ्यांत शेवटी आली. "नीट मोजा हां, जेलरीणबाई," म्हणाली, आणि जीभ चावली. मंजुळा मात्र मोठ्यानं हसली.

ताई म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये."

मंजुळेनं तिथूनच पोलादपूरला फोन लावला. "वहिनी, टिकले."

वहिनी म्हणाली, "उद्या ये तर. पण मोकळ्या हातानं येऊ नको. आई फ्राक शिवणार म्हणून पोर आळीभर सांगत सुटलीय."

ताईंनी उरलेलं फुलाफुलांचं कापड दिलं. मंजुळेनं ते पसरलं, कात्री उचलली आणि थांबली. एक हात जमिनीपासून वर धरला, मग जरा आणखी वर, मग पुन्हा खाली. ती तुरुंगात गेली तेव्हा दिशा नुकती धरून उभी राहत होती.

साळूबाई निघता निघता दारात थबकली. परत आली, पिशवी खाली ठेवली.

"मोठाच काप," ती म्हणाली. "नि खाली दुमड भरपूर घाल. लागंल तशी उसवता येईल. आण इकडं, सुई मी ओवते."