भांगेचं मलम

“मावशी, खरं सांगा, सकाळी ते क्रीम लावून आला होतात?”

प्रतीकनं दारातच गाठलं. संध्याकाळचा शेक द्यायला आलेल्या द्वारकानं चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“लावलं की. तुम्हीच तर दिलेलं.”

आत प्रतीकच्या सासूबाई, अलकाताई, नातीला छातीशी घट्ट धरून बसल्या होत्या. त्यांचा चेहरा बघून द्वारका उंबऱ्यातच थांबली.

दिल्लीतल्या मराठी घरांत बाळंतपण झालं की पहाडगंजातल्या द्वारकाच्या खोलीवर फोन जायचा. शिपाई नवरा अकाली गेला आणि सासूकडून शिकलेली बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायची विद्या कामाला आली. आज बाळंतीण असलेल्या अलकाताईंच्या लेकीला, अक्षतालाही, तिनंच पायांवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. पण आता संधिवातानं बोटं अशी आखडली होती, की साधा टॉवेल पिळताना डोळ्यांत पाणी यायचं. ते पाहून प्रतीकनं आपल्या खांद्यासाठी आणलेली ट्यूब तिच्या हातावर ठेवली. “भांगेच्या पानांचं आहे, पण कायदेशीर. डॉक्टरनं लिहून दिलंय. नशा-वशा बिल्कुल नाही.” द्वारका पोट धरून हसली. होळीला भांग पिणारे तिनं ढिगानं पाहिले होते, हाताला चोपडणारे नव्हते. पण गुण मलमाचा असो की मनाचा, ठणका कमी झाला, मूठ मिटू लागली. इतक्या वर्षांत कुणी आपल्या दुखण्याची दखल घेतली याचंच तिला कोण अप्रूप!

नडला तो द्वारकाच्या सासूनं घालून दिलेला दंडक. बाळाला हात लावण्याआधी साबण वापरायचा नाही, हात खरखरीत होतात. तेलाच्या वाटीत बोटं बुडवून तळवे चोळायचे, की झालं. त्या तळव्यांवर कधी तेलाशिवाय काही नसायचं, म्हणून दंडक आजवर खपून गेला. मलम आलं तरी द्वारकाच्या काही डोक्यात आलं नाही.

“दुपारभर उठली नाही गं, दुधालासुद्धा नाही,” अक्षता म्हणाली. “आम्ही धावत हॉस्पिटलला. डॉक्टर म्हणाले बाळ ठीक आहे, कालच्या लशीमुळे झोपली असेल. पण असं औषध लावलेले हात बाळाला लावू नका म्हणाले.”

“लस असो नाहीतर काही असो,” अलकाताई कडाडल्या, “तान्ह्या पोरीच्या अंगाला भांग! द्वारकाबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

चूक द्वारकाचीच होती. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर रात्रीपर्यंत बातमी पोचली, आणि दुसऱ्या दिवशी फरीदाबादच्या हेमांगीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. “मावशी, या वेळी आम्ही आमचं बघतो.”

द्वारकानं ट्यूब कचऱ्यात टाकली आणि हात साबणानं घासघासून धुतले. आठवड्यानं ती अलकाताईंपुढे उभी राहिली. “बंद केलं ते. हुंगून बघा हवं तर.”

अलकाताई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी पाट मांडला, तेल कोमट करून आणलं. द्वारकानं वाटी उचलली आणि ती तिच्या बोटांतून निसटली. तेल पाटावरून फरशीवर पसरलं. मलम लावावं तर बाळाला हात लावायचा नाही, आणि न लावावं तर हात चालत नाहीत, हे आता तिघींनाही कळलं होतं. द्वारकाला हंबरडा फोडावासा वाटला. तिनं तो गिळला.

“अक्षू, तू बस पाटावर. पाय लांब कर. मी सांगते तसं कर.”

“मला नाही जमणार, मावशी.”

“जमतं. अंगठा रुतवू नको, नुसता फिरव. छातीकडून बाहेर. हां. आता पाठीवर घे, मान सांभाळ.”

हात पदराखाली धरून ती सांगत राहिली. बाळ आधी किंचाळलं, मग कुरकुरलं, मग आईच्या पायांवर सैल पडून राहिलं. अक्षताचा हात चांगला होता. द्वारकानं मन लावून शिकवलं, काहीसुद्धा हातचं राखलं नाही.

“अगदी तुमच्यासारखं जमलं हिला!” अलकाताई मनापासून म्हणाल्या. “आता काही काळजी नाही.”

अंघोळ, धुरी झाली. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पेंगुळलं. अक्षतानं काजळाची डबी पुढे केली. “तीट तरी तू लाव, मावशी.”

द्वारकानं अलकाताईंकडे पाहिलं. त्या दुपटं नीट करत होत्या. नको म्हणाल्या नाहीत, लावा असंही म्हणाल्या नाहीत.

“तूच लाव गं,” द्वारका म्हणाली. “आईच्या हातची बरी.”

आणि पदराखालचे हात तिनं बाहेर काढले नाहीत.