पिलिंगसरांची अनेकवचनं

मुरियल हॉब्डे तेवीस वर्षं ऑक्सफर्डमधल्या एका प्रकाशनगृहात प्रुफं तपासत होती, पण लेखकाशी खोटं बोलायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. आली ती पिलिंगसरांच्या पुस्तकापायी.

पिलिंगसर वनस्पतिशास्त्रातले नावाजलेले गृहस्थ. वय एक्क्याऐंशी, दृष्टी पार गेलेली. रानातल्या प्रिमरोजच्या फुलांवरचं हे त्यांचं शेवटचं पुस्तक. फुलात पराग जिथे चिकटतात तो 'स्टिग्मा'. शब्द मुळातला ग्रीक, म्हणून सरांचं अनेकवचनही ग्रीक वळणाचं, 'स्टिग्माटा'. संपादक नाइजेलला ते खपेना. स्टिग्माटा म्हटलं की लोकांना ख्रिस्ताच्या जखमा आठवतात, फुलांना आपलं साधं 'स्टिग्माज' पुरे, असं म्हणून त्याने सरांना न विचारताच सगळं पुस्तक बदललं.

"तूच वाचून दाखवणार ना त्यांना?" तो मुरियलला म्हणाला. "मग वाच की 'स्टिग्माटा'. म्हाताऱ्याला काय दिसतंय?"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. पण बाई तोंडातून अक्षर काढेल तर शपथ!

तीन आठवडे ती रोज दुपारी सरांच्या घरी जाऊन वाचत राहिली. प्रुफं मोठ्याने वाचायची रीतच तशी, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा. छापलेलं 'स्टिग्माज' आलं की ती 'स्टिग्माटा' म्हणे.

सर खूश. "'क्रायटेरियन'चं 'क्रायटेरिया' मुकाट्याने म्हणतात, 'फिनॉमिनन'चं 'फिनॉमिना' म्हणतात. मग माझ्या फुलांनीच काय घोडं मारलंय, बाई? ग्रीक शब्दाला इंग्रजी शेपूट म्हणजे बिशपच्या झग्याखाली गमबूट."

"खरंय, सर," ती म्हणायची, आणि घरी जाताना तिला स्वतःची लाज वाटायची.

शेवटचं पान संपलं तेव्हा सर म्हणाले, "प्रस्तावनेत एक वाक्य घाला. लिहा. 'डोळे गेल्यावर या पुस्तकाचं अक्षर न् अक्षर मी मुरियल हॉब्डे यांच्या तोंडून ऐकलं, आणि माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांच्यावर माझा जास्त भरवसा आहे.' झालं लिहून?"

तिची पेन्सिल अर्ध्यातच थांबली होती.

"नाही, सर. पानांवर 'स्टिग्माज' छापलंय. सगळीकडे. मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं."

तिचे कान तापले. आता हे आपल्याला दार दाखवणार, आणि दाखवावंच, असं तिला वाटलं.

"किती ठिकाणी?"

"दोनशे सहा."

"मोजलेत?"

"दर वेळी."

"मग ते प्रस्तावनेतलं वाक्य खोडा," सर म्हणाले.

तिने खोडलं. डोळे भरून आले ते सरांना दिसणार नव्हते, पण नाक ओढल्याचं ऐकू गेलंच असणार.

"आता पहिलं पान काढा. छापलंय तेच वाचायचं."

ती वाचू लागली. चौथ्या पानावर तो शब्द आला. "स्टिग्माज," ती म्हणाली.

"खोडा. समासात माझा शब्द लिहा, आणि खाली तुमची सही करा. नाइजेलला विचारायचं असेल तर तो तुम्हाला विचारेल."

तिने सही केली. "पुढे, बाई," सर म्हणाले. अजून दोनशे पाच उरले होते.