पडद्याअलीकडून

बायको पहाटे गेली. दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि तिला आंघोळ मीच घालायचो. डावा हात वर केला की ती कळवळायची, म्हणून हात अंगालगत धरूनच तिला कुशीवर करावं लागे. शेवटची आंघोळही मीच घालणार, असं मी धरून चाललो होतो.

मेव्हणी दारात आडवी आली. "भाऊजी, आता तुम्ही परके. नवरा-बायकोचं नातं श्वासापुरतं. हे बायकांचं काम."

"काल संध्याकाळपर्यंत माझं होतं."

"काल ती होती."

मी इमामसाहेबांना बोलावणं धाडलं. त्यांचे कुडते मीच शिवतो. दरवर्षी कंबर दोन बोटं वाढते आणि दरवर्षी ते माझ्या टेपला दोष देतात. वाटलं, आपला माणूस आहे, हो म्हणेल.

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "शरीयतची चार मतं आहेत. आपण ज्या मताने चालतो, त्यात नवऱ्याने घालू नये असं आहे. बाकीच्या तिन्ही मतांत चालतं."

"मग त्यातलं एखादं घ्या की."

"मास्तर, मी नमाज पढवतो, धर्माचा मालक नाही. गिऱ्हाईक बघून तुम्ही माप बदलता का?"

"तुमच्यासाठी बदलतो. दोन बोटं जास्त सोडतो."

मेव्हणीने तोंडाला पदर लावला. इमामसाहेब हसले नाहीत. "तिला कसं वळवायचं, ते कुणाला माहीत आहे?"

"मला."

"मग मध्ये पडदा लावा. तुम्ही अलीकडून सांगा, त्या तसं करतील."

मेव्हणीला पटलं नव्हतं, पण तिने त्यांचा शब्द मोडला नाही.

मी स्टुलावर बसून सांगत राहिलो. पाणी कोमट हवं. मानेखाली तळवा ठेवा. डावा हात उचलू नका.

"आता तिला दुखत नाही, भाऊजी," आतून आवाज आला.

"माहीत आहे. तरी हळू."

दुपारी मैदानात जनाजा ठेवला, मागे रांगा लागल्या. इमामसाहेब पुढे उभे राहिले नाहीत. आधी माझ्याकडे आले. नमाज कुणी पढवायची हे जवळच्या पुरुषाने ठरवायचं असतं, आणि तिला बाप, भाऊ, मुलगा कुणीच नव्हतं.

"हक्क तुमचा आहे," ते म्हणाले. "नमाज मी पढवू का?"

सगळे बघत होते. नाही म्हणावं, असं मनात येऊन गेलं. सकाळी मी ताटकळलो होतो, तसे ते आता माझ्यासमोर उभे होते.

"पढवा," मी म्हणालो. "आधी कुडत्याचं वरचं बटण लावा."

त्यांनी ते लावलं आणि पुढे गेले.