आजीने सांगितलेले आकडे

मोरिवलीच्या जनीला ऑपरेशनपेक्षा सिस्टरच्या वहीचीच धास्ती जास्त. गळ्यातली थायरॉईडची गाठ काढायची होती; पण ती इतकी उधळली होती की हातातला चहा हिंदकळे आणि बसल्या जागी काळीज धावे. "आधी गोळ्यांनी हे शांत करू, मगच भूल देता येईल," डॉक्टर म्हणाले. सिस्टरने मनगटावर बोटं ठेवायला शिकवलं. "मावशी, रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी एक मिनिट ठोके मोजायचे, वहीत लिहायचे. ऐंशीच्या खाली आले पाहिजेत. जमेल ना?"

शेजारी मुलगा कमलेश आणि नात जिज्ञासा उभे. जनीने मान डोलावली. साठी उलटलेल्या बाईला विसापुढे मोजता येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

लिहायचं काम सातवीतल्या जिज्ञासाकडे आलं. मोबाइलवर मिनिट लावून ती विचारायची, "किती, आजी?" जनी कानावरून गेलेला एखादा आकडा सांगायची. आधी नव्वद, मग पंच्याऐंशी, मग पंच्याहत्तर. दर सोमवारी पानाचा फोटो डॉक्टरांना जायचा. "छान उतरतंय," असा निरोप आला आणि नाडीची गोळी निम्मी झाली. धडधड पुन्हा वाढली तरी जनी गप्पच. बोलावं, तर आकडे उघडे पडणार.

उल्हासनगरला भरती व्हायला गेली तेव्हा सिस्टरने स्वतः नाडी धरली. "एकशे अकरा! वहीत तर पंच्याहत्तर आहे. उद्या ऑपरेशन नाही होणार."

कमलेशने कंपनीतून आठवड्याची रजा काढली होती. तो पोरीवर उखडला. "लक्ष कुठे होतं तुझं? रील बघत बसली असशील!"

"पप्पा, आजी सांगायची तेच मी लिहिलं."

"आजीवर ढकलतेस? लाज नाय वाटत?"

लाज जिला वाटायला हवी तिला वाटत होतीच; ती खाटेवर पदराचं टोक पिळत बसली होती. जिज्ञासाने आजीकडे पाहिलं. आजीने खिडकीकडे पाहिलं. मग पोरगी हळूच म्हणाली, "सॉरी, पप्पा."

ते मात्र जनीला ऐकवेना. "पोरीला बोलू नको, कमल्या. मना मोजताच येत नाय. विसापरत येतं. मी रोज खोटं सांगत व्हते."

शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा वळून पाहू लागली. सिस्टरने स्टूल ओढलं. "काय धंदा करायचात, मावशी?"

"सुके बोंबील इकायची."

"मग गिऱ्हाइकाला कसे मोजून द्यायचात?"

"वीस झाले का एक कोडी. बोट दुमडायचं, परत एकपासून."

"तसंच मोजा आता."

मिनिट संपलं. "पाच कोड्या नि वर धा."

सिस्टरने हिशेब केला: एकशे दहा. एकाचाच फरक. "एवढं येतं, तर त्या दिवशीच बोलायचं हो! अशा नाडीवर भूल दिली असती तर जिवावर बेतलं असतं."

गोळी पुन्हा पूर्ण झाली. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. घरी येताना रिक्षात जिज्ञासा बाहेरच बघत होती.

"रुसलीस?"

"पप्पा ओरडत होते तेव्हाच का नाही बोललीस?"

"लाज वाटली गं."

"आणि मला?"



सकाळी मिनिट संपल्यावर जनी म्हणाली, "पाच कोड्या नि तीन." जिज्ञासाने पेन उचललं नाही. तिने आजीचं मनगट धरलं आणि ओठ हलवत स्वतः पहिल्यापासून मोजायला लागली. जनीने मान खाली घातली, पण हात सोडवून घेतला नाही.