दत्ताजीचे नव्वद मार्क

म्हैस बाजारात उभी करायच्या आधी तिला मिठाची पेंड चारायची आणि वर घळाघळा पाणी पाजायचं. पोट टंच दिसतं, गिऱ्हाईक गार पडतं. ही विद्या दत्ताजीनं आटपाडीहून थेट तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीपर्यंत जपून आणली होती. दोन हजार सहाच्या मे महिन्यात, जमीन तव्यागत तापलेली असताना, ती त्यानं स्वतःवर वापरली.

झालं असं, की तांबरमची रुचा नावाची पोरगी टेप घेऊन गोठ्यावर आली. पुढं साखरेचा आजार कुणाला होईल, याचा अंदाज ती गावोगाव बांधत होती. चार प्रश्न विचारायचे, कंबर मोजायची, मार्क मांडायचे. मार्क कशाचे हे तिनं निम्म्या तमिळ, निम्म्या मराठीत सांगितलंही. पण दत्ताजीच्या कानात फक्त ‘मार्क’ शिरलं. धाकट्या भावाला, गुंडोला, पडले वीस.

"वीस? गुंड्या, शाळंतबी तुजं ह्येच!" म्हणत दत्ताजीनं तीन तांबे ताक रिचवलं आणि पोट फुगवून टेपपुढं उभा राहिला.

पन्नाशी ओलांडल्याचे तीस. कंबरेचे वीस.

"दिवसभर काम काय करता, मामा?"

"काम? गडी करत्यात. म्या बाजंवर बसून हुकूम सोडतो."

गडी एकही नव्हता. आठ म्हशींचं शेण तोच उचलायचा. पण बसून खाण्याचे तीस पडले, ऐंशी झाले, आणि दत्ताजीनं गुंडोकडं बघून मिशीला पीळ भरला.

"वडिलांना साखर होती?"

"छ्या! वाघ हुता वाघ."

तेवढ्यात चुलीपासून हेमलता, त्याची बायको, ओरडली, "मग मामंजींचा पाय दवाखान्यात कशापायी कापला? वाघानं खाल्ला व्हय?"

रुचानं आणखी दहा लिहिले. नव्वद. मग गुंडोचा कागद काढला. "यांनी तर वडील ठणठणीत लिहून दिलेत. वडील एकच ना तुमचे?"

"येकच," गुंडो खाली बघत म्हणाला. "पन पायावर करनी झालीती."

गुंडोचे झाले तीस. मग रुचानं नव्वदचा अर्थ पुन्हा, सावकाश सांगितला: जितके मार्क जास्त, तितका साखरेचा धोका जास्त. दत्ताजीची मिशी आपोआप खाली आली. बापाचा पाय अंगठ्यापासून काळा पडत गेला, तेव्हा तोच उशाला बसून होता.

"ताई, गडी न्हाईत! म्याच राबतो!" असं म्हणून त्यानं वैरणीचा भारा डोक्यावर घेतला आणि भर उन्हात गोठ्याला तीन फेरे मारले. म्हशी रवंथ थांबवून बघत राहिल्या. तीस कमी झाले. ताक उतरायची तासभर वाट बघून कंबर पुन्हा मोजली, ती मात्र तेवढीच भरली.

"साठ. साठापासून पुढं रक्त बघावंच लागतं."

"वय कमी करा की थोडं."

"होत नाही, मामा."

"मग बाप?"

"तो तर मुळीच बदलता येत नाही."

दत्ताजीनं डोळे मिटून बोट पुढं केलं. यंत्रानं आकडा दाखवला. "अजून नाही," रुचा म्हणाली.

"अजून म्हंजे?"

तिनं उत्तर द्यायच्या आत गुंडो हसत पुढं झाला. सडपातळ, तीस मार्कांचा गडी. "माजंबी बघा. दादालाच कौतुक का?"

रुचानं त्याचा आकडा बघितला. दुसरं बोट टोचलं. पुन्हा बघितला. मग एग्मोरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

"आवो, मला तर तीसच हायती!" गुंडो म्हणाला.

रुचानं चिठ्ठी दत्ताजीच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दत्ताजी रोजच्यासारखा म्हशींचे खूर तपासत निघाला. जखम, किडा, चीर. आठवी म्हैस झाली तशी त्यानं गुंडोला ओळीत उभं केलं, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि बोटांची बेचकी चिमणीच्या उजेडात एकेक फाकवून बघू लागला.

"दादा, म्या म्हस हाय व्हय?"

"म्हस बरी," दत्ताजी म्हणाला. "खोटं लिवून देत न्हाई. दुसरा पाय आन."