दीड इंच गेला कुठे?

"मेली टेपच ताणली गेलीय!" बाई करवादल्या आणि त्यांनी मला कपड्यांच्या ढिगावर फेकलं.

मित्रांनो, ती टेप म्हणजे मी. शिवणकाम करणाऱ्या या बाईंच्या गळ्यात मी एकवीस वर्षं आहे. माझे आकडे पुसट झालेत, टोकाची पत्र्याची पट्टी कधीच गळून पडली. तरी "हिच्याशिवाय मला कापड कापवत नाही," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा मी नुसती फुलून जायची.

गळ्यात असल्यामुळे मी त्यांच्या छातीवर रुळते. डाव्या बाजूची गाठ मला त्यांच्याआधी लागली होती. पण मला तोंड कुठे? ऑपरेशननंतर त्या बाजूला मी सपाट पडून असते, आणि अजूनही वाटतं, खाली कुणीतरी दबा धरून आहे. घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. "ते झालं होतं तेव्हा," एवढंच म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तेव्हाही मी गळ्यातच होते. "इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं हार्मोन हाडं जपतं. पण तुमच्या गाठीला त्याचंच खतपाणी मिळत होतं. ही गोळी ते कमी करते. म्हणून गोळी चुकवू नका, आणि हाडांची तपासणीही."

गोळी बाईंनी एक दिवस चुकवली नाही. तपासणीची चिठ्ठी मात्र बटणांच्या डब्याखाली सरकवली. हल्ली त्या पाठीशी उशी घेऊन मशीनवर बसतात.

आज स्वतःचा नवा गाऊन पायात यायला लागला, म्हणून लेकीने त्यांची उंची मोजली. पूर्वीपेक्षा दीड इंच कमी! खापर माझ्यावर. लेकीने स्टीलची पट्टी आणून माझ्यावर ठेवली. रेघेला रेघ जुळली.

"टेप बरोबर आहे, आई. तूच कमी झालीस."

"बरं झालं, तेवढंच कापड वाचलं."

लेक हसली नाही. "तपासणी का नाही केलीस?"

बाई मला बोटाला गुंडाळत राहिल्या. "हाडं ठिसूळ निघाली, तर गोळी बंद करतील. मग ते..."

"कुणी सांगितलं बंद करतील? हाडांसाठी वेगळं औषध असतं. उद्याच जाऊन विचारू. आणि ते ते काय लावलंयस?"

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी असं खुजं होत चाललं असेल, तर टेपला बोल लावू नका. त्यांना विचारा.

बाईंनी मला इतकं घट्ट आवळलं की बोट पांढरं पडलं.

"कॅन्सर," त्या म्हणाल्या. "मला कॅन्सर झाला होता. तो परत येईल, याची रोज भीती वाटते गं मला."